आधी बटण, मग रोबोट
फर्मागुडीला इंजिनीअरिंग करणारा तुमचा गट फोंड्याच्या विशेष शाळेसाठी मोबाइल ॲपवर चालणारी रोबोट गाडी बनवतोय. ती सगळ्याच मुलांना खेळता यावी म्हणून काय बदलावं, असं तुम्ही विचारलंय.

गाडी राहू द्या, ॲप काढा. स्क्रीनवर बोट नेमकं टेकवणं आणि सरकवणं, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या अनेक मुलांना तेच तर जमत नाही. त्याऐवजी ३.५ मिलिमीटरचा मोनो जॅक, म्हणजे बाहेरच्या स्विचची पिन खोचायची खाच, बसवा. अपंग मुलांसाठी मिळणारे बहुतेक स्विच याच मापाच्या पिनेचे असतात. मग कुणी तळहाताने दाबेल, कुणी गुडघ्याने, कुणी मान कलती करून, आणि गाडी सगळ्यांची एकच राहील. अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे यांनी सुरू केलेल्या 'गो बेबी गो' उपक्रमात बाजारातल्या बॅटरीच्या गाड्यांना मोठं बटण जोडतात, आणि चालता न येणारी चिमुरडी स्वतः गाडी हाकतात. हे बघितलं की ॲपचा मोह उरत नाही.

खरं काम कोडमध्ये आहे. हात थरथरत असेल तर एकदा दाबताना चारपाचदा दाबलं जातं. म्हणून पहिल्या दाबानंतरचे दाब किती वेळ मोजायचे नाहीत, ते नॉब फिरवून ठरवता आलं पाहिजे. काही मुलांना बटण दाबून धरता येत नाही. त्यांच्यासाठी एका दाबात गाडी तीनचार सेकंद चालून आपोआप थांबावी. हे बदल वर्गातल्या बाईंना लॅपटॉपशिवाय करता यायला हवेत.

वेग कमीच ठेवा. ६५ मिलिमीटरच्या चाकाला ३०० आरपीएमची (मिनिटाला ३०० फेऱ्यांची) मोटर लावली तर गाडी सेकंदाला मीटरभर पळते, मुलाची नजर वळेपर्यंत टेबलाखाली. १०० आरपीएमला ती सेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर जाते. आपल्या दाबण्यामुळेच ती हलली, हे मुलाला कळायला एवढा अवधी लागतोच.

गाडीला स्क्रीनवरचा हलता चेहरा देणं मला नको वाटतं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशर विद्यापीठाचा कॅस्पर हा ऑटिस्टिक मुलांसाठी केलेला रोबोट. त्याचा चेहरा मुद्दाम साधा, मोजक्या हावभावांचा ठेवलाय. दिवे सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू देऊ नका, फेफऱ्याचा त्रास असलेल्या काही मुलांना त्याने झटका येऊ शकतो. न दिसणाऱ्या मुलासाठी गाडी चालताना सतत बारीक आवाज हवा, पण तो पूर्ण बंदही करता यावा.

बटण सेल, म्हणजे नाण्यासारखी चपटी छोटी बॅटरी, अजिबात वापरू नका. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. बॅटरीचं झाकण स्क्रूनेच बंद करा. आणि आपली दमट हवा लक्षात घ्या: पावसाळाभर कपाटात पडलेल्या गाडीच्या जॅकचे संपर्क काळे पडतात, म्हणून चवथीच्या सुट्टीनंतर तो पुसून, तपासून मगच मुलांच्या हाती द्या.

स्विच कुठे बांधायचा हे मात्र तुम्ही ठरवू नका. शाळेच्या फिजिओथेरपिस्टना प्रत्येक मुलाबद्दल एवढंच विचारा, की त्याची सगळ्यात भरवशाची हालचाल कोणती.