जगभरात वणवे खरंच वाढलेत का, आणि कोकणातले डोंगर हवामानबदलामुळेच जळतात का?

"जगभर वणवे वाढलेत, हवामानबदल आहे, आपण काय करणार?" हे वाक्य मी घरच्या माणसाकडूनच ऐकलंय, म्हणून लिहितोय.

राजापूरजवळ सड्यालगत, म्हणजे कातळाच्या पठाराला लागून, आमची काजूची बाग. शेजारचा तुकडा चुलतभावाच्या वाट्याचा, तो मुंबईला. तिथं वर्षानुवर्षं कोणी कोयता लावलेला नाही. गवत छातीएवढं वाढतं आणि शिमग्यापर्यंत वाळून कडकडीत होतं. दर दिवाळीत सांगायचो, दादा, कापून घे, निदान गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेनं जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) तरी काढू दे. तो म्हणायचा, एवढी मजुरी कोण घालणार? मग एका मार्चमध्ये रस्त्याकडून कोणीतरी काडी टाकली. भर दुपारचा वारा. हिरव्या फांद्यांचे टाळे घेऊन आम्ही आग झोडपत राहिलो, पण आग गडगा ओलांडून आत आलीच. खाली पडलेल्या काजूबिया तेल उडवत फटाफट फुटत होत्या. बापाच्या हातची झाडं गेली. फोन केला तर दादा म्हणतो, "अरे, जगभर जळतंय, हवामानबदल आहे, मी काय करणार?"

तर जगाचं ऐका. उपग्रहांच्या नोंदींप्रमाणे १९९८ ते २०१५ या काळात जगातलं दरवर्षी जळणारं क्षेत्र सुमारे २५ टक्क्यांनी घटलं. सर्वांत जास्त जळतं ते आफ्रिकेत, आणि तिथल्या गवताळ रानांत शेती वाढली, हे घट होण्याचं मोठं कारण. उलट अमेरिकेच्या हवाई बेटांवरलं लाहायना गाव पाहा. ऊसमळे बंद पडले, पडीक जमिनीवर परदेशी गवत माजलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच गवतातून आलेल्या आगीत शंभरच्या आसपास माणसं गेली. पोर्तुगालमध्ये २०१७ साली भयंकर वणवे लागले, तिथंही गावं ओस पडून शेतांत झुडपं माजली होती.

हवामानबदल खोटा असं मी म्हणत नाही. जंगलांतल्या आगी वाढल्यात, भडकही झाल्यात. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं, त्यातलं बरंचसं विजेनं पेटलेलं. तिथं गवत कापून काही झालं नसतं. पण आपल्याकडे मार्चमध्ये काडी माणूसच लावतो, आणि ती पसरते न कापलेल्या गवतातून.

तुमची जमीन गावी पडून असेल तर दिवाळीनंतर लगेच गवत काढा. मजुरी परवडत नसेल तर शेजाऱ्याला वैरणीला कापू द्या, तो फुकट नेईल. दादाला मी हेच सांगत होतो.