स्लाइड ओढताना जोर कमी पडत नाही, पकड चुकते

तुम्ही विचारलंय की बालेवाडीला १० मीटर एअर पिस्तूल करून झालं, आता परवान्यावर .३२ बोअरचं पिस्तूल घेतलंय, पण स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) अर्ध्यावर येऊन थांबते. हात लहान आहेत, तर जिमला जाऊन ताकद वाढवावी का?

जिमला जरूर जा, पण या कामासाठी नको. आधी पिस्तूल समजून घ्या. .३२ ची बहुतेक पिस्तुलं ब्लोबॅक पद्धतीची असतात. त्यांत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत. गोळी बाहेर पडेपर्यंत चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसतं ती जागा) बंद ठेवायचं काम स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग हे दोघंच करतात. त्यामुळे स्प्रिंग कडक ठेवावी लागते आणि खिशात मावणारं .३२ कधी कधी मोठ्या ९ मिमीपेक्षा ओढायला जड जातं.

सुरुवात रिकाम्या पिस्तुलावर करा. मॅगझिन आधी बाहेर, मगच स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण मॅगझिनमधलं पुढचं आत जाऊन बसतं आणि पिस्तूल रिकामं समजून हातात राहतं. बोट ट्रिगरगार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) बाहेर, फ्रेमला, म्हणजे स्लाइडखालच्या सांगाड्याला, समांतर.

आता पकड. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्लाइडचं मागचं टोक धरून ओढायची सवय .२२ च्या टार्गेट पिस्तुलांवर चालून जाते, कारण तिथे स्प्रिंग हलकी असते. .३२ वर ती चिमूट निसटते. त्याऐवजी डावा तळवा वरून स्लाइडवर ठेवा (तुम्ही उजव्या हाताने नेम धरता असं गृहीत धरतो). चार बोटांची पेरं स्लाइडच्या मागच्या टोकाला पकडीसाठी असलेल्या उजव्या बाजूच्या खाचांवर, तळव्याचा मनगटाजवळचा मांसल भाग डाव्या बाजूच्या खाचांवर, अंगठा तुमच्या छातीकडे. बोटं रिकामी पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीच्या मागेच हवीत. खिडकी झाकली गेली तर पुंगळी हाताला आपटून परत आत अडकते.

हात लांब करून ओढू नका. पिस्तूल छातीपासून वीतभर अंतरावर आणा, दोन्ही कोपरं एका उंचीवर. आणि इथे बहुतेकांचं चुकतं: डावा हात मागे खेचत राहतो, उजवा नुसता धरून ठेवतो. उलट करा. डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरून जागेवर ठेवा आणि उजव्या हाताने मूठ जोरात पुढे ढकला. मग काम बोटांऐवजी खांदा, छाती आणि पाठ करतात, आणि लहान हातांनाही ते जमतं. हळूहळू ओढलं तर स्प्रिंग दबेल तशी कडक होत जाते आणि तुम्ही मधेच थकता. एका झटक्यात शेवटपर्यंत न्या.

बाहेर हॅमर (घोडा) असेल तर तो आधी अंगठ्याने मागे घ्या. नाहीतर स्लाइडला स्वतःच्या स्प्रिंगबरोबर हॅमरची स्प्रिंगही दाबावी लागते. एवढ्यानेही फरक जाणवतो. सेफ्टीही पाहा, काही पिस्तुलांत ती लावलेली असली की स्लाइड हलतच नाही.

स्लाइड पूर्ण मागे आली की हात सोडून द्या. तिच्याबरोबर हात पुढे नेऊ नका. नव्या माणसाला ती जोरात आपटेल अशी भीती वाटते, म्हणून तो तिला सांभाळून पुढे नेतो, आणि स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडी राहते. काडतूस चेंबरमध्ये नीट बसत नाही, ट्रिगर दाबला तरी बार होत नाही. ती स्प्रिंगच्या पूर्ण जोरावरच बंद व्हायला हवी.

सगळ्यात जास्त काळजी नळीच्या तोंडाची. पिस्तूल छातीजवळ घेऊन जोर लावताना उजवा हात आडवा होतो आणि तोंड डावीकडे, म्हणजे शेजारच्या लेनवर फिरतं. रेंज ऑफिसर याच गोष्टीसाठी ओरडतात आणि ते योग्यच आहे. मनगट वाकवून हे सुधारत नाही, अंग फिरवा: डावा खांदा टार्गेटकडे, मग पिस्तूल छातीसमोर आडवं असलं तरी तोंड टार्गेटवरच राहतं. स्लाइडच्या पुढच्या टोकाला खाचा असल्या तर त्या धरून ओढायच्या फंदात सध्या पडू नका. हात घसरला तर तळवा थेट तोंडापुढे जातो.

पुण्याच्या पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून सगळे भरपूर तेल लावतात, तेही खाचांवरून पुसून काढा. तळव्यांना घाम येत असेल तर दर वेळी सुती कापडाने हात पुसा.

हे सगळं करूनही येत नसेल तर परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याकडून पिस्तूल उघडून घ्या. स्लाइड सरकते त्या रुळांवर सुकलेलं ग्रीस किंवा चुकीची स्प्रिंग निघू शकते. स्प्रिंगचे वेढे कापून ती हलकी करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ब्लोबॅकमध्ये तीच स्लाइडला रोखते, ती कमजोर झाली की प्रत्येक बाराला स्लाइड फ्रेमवर आदळते आणि फ्रेमला तडे जाऊ शकतात.