जुन्या नकाशातले अंतर आणि जागेवरचा जुना दगड जुळत नसेल, तर मोजणीदार कोणाचे खरे मानतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जुन्या नकाशात तुमच्या जमिनीची एक बाजू ६६० फूट लिहिलेली आहे, नव्या मोजणीत कोपऱ्यावरचा जुना दगड ६६२ फुटांवर निघाला, आणि तरीही मोजणीदार ६६० फुटांवर खुंटी न ठोकता त्या दगडालाच कोपरा मानतो आहे, हे बरोबर आहे का? मी बरीच वर्षे हद्दींच्या मोजणीचेच काम करतो आहे. दगड मूळचा असेल, तर तुमच्या मोजणीदाराचे बरोबर आहे. मात्र तो मूळचाच आहे हे ठरवणे, हेच या कामातले खरे अवघड काम आहे.

जमिनीची पहिल्यांदा वाटणी झाली, तेव्हा जागेवर दगड रोवले गेले आणि त्यांच्यामधली अंतरे मोजून कागदावर उतरवली गेली. घेणाऱ्याने दगड पाहून जमीन घेतली, बांधही दगडाला धरूनच घातला. त्यामुळे हद्द म्हणजे ती जागा होय, आणि कागदावरचे अंतर हे त्या जागेचे वर्णन होय. वर्णन चुकले म्हणून जागा सरकत नाही. अमेरिकेतील न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी १८८१ मध्ये मोजणीदारांना हेच बजावले होते की, खुणा कुठे असायला हव्या होत्या हे नव्हे, तर त्या प्रत्यक्षात कुठे होत्या हे शोधणे तुमचे काम आहे. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत पुराव्याचा सर्वसाधारण क्रमही असाच लागतो: आधी नदी-ओढ्यासारख्या नैसर्गिक खुणा, मग माणसाने रोवलेल्या खुणा, त्यानंतर दिशा आणि अंतर, आणि बहुधा सर्वांत शेवटी क्षेत्रफळ. प्रत्येक ठिकाणचा कायदा थोडा वेगळा असतो, पण क्षेत्रफळावरून हद्द ठरवण्याचा आग्रह धरणारे लोक सगळीकडे भेटतात, आणि त्यांची समजूत घालण्यात अर्धा दिवस जातो.

आता तुमचे दोन फूट कुठून आले ते पाहू. पूर्वी जमीन लोखंडी साखळीने मोजत. १६२० च्या सुमारास इंग्रज गणितज्ञ एडमंड गुंटर यांनी रूढ केलेली ही साखळी ६६ फुटांची असे आणि तिला १०० कड्या असत. कड्या जोडणारी वळी एकमेकींवर शेकडो ठिकाणी घासत, आणि प्रत्येक ठिकाणी केसाएवढी झीज झाली तरी सबंध साखळी दोन-अडीच इंचांनी लांबत असे. साखळी लांबली की तीच जागा मोजताना ती कमी वेळा पडते, म्हणून कागदावर अंतर खऱ्यापेक्षा कमी लिहिले जाते. तुमचे ६६० फूट म्हणजे बरोबर दहा साखळ्या आहेत, आणि दहा साखळ्यांत दोन फूट म्हणजे दर साखळीमागे सुमारे अडीच इंच. हिशेब जुळतो, पण तेवढ्यावर थांबू नये. त्याच मोजणीतील दुसरी एखादी बाजू पाहावी: नकाशात १३२० फूट असलेली बाजू आज दगडापासून दगडापर्यंत १३२४ फुटांच्या आसपास भरली, तर साखळीच लांबलेली होती असे मी धरून चालतो. मग हरवलेला दगड शोधतानाही हेच प्रमाण वापरून कुठे खणायचे ते ठरवता येते. उतारावर चूक उलट दिशेने होते. दहा अंशांच्या उतारावर जमिनीला टेकवून मोजलेले १०० फूट आडव्या पातळीत साडेअठ्ठ्याण्णवच भरतात.

दिशांचेही तसेच आहे. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते, हे काळाबरोबर बदलत जाते. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास ती सुमारे ११ अंश पूर्वेकडे होती, आणि १८२० च्या सुमारास २४ अंश पश्चिमेकडे गेली होती. एका अंशाची चूक हजार फुटांवर साडेसतरा फूट होते, म्हणून जुन्या नकाशातील दिशा त्या वर्षीचा फरक लक्षात घेतल्याशिवाय वापरता येत नाहीत.

दगडाकडे वळू. मी आधी कागदात त्याचे वर्णन शोधतो: आकार, घडवलेला की ओबडधोबड, माथ्यावर फुली किंवा रेघ कोरलेली होती का. मग तो किती खोल रोवला आहे, सरळ उभा आहे का आणि भोवतीची माती कशी आहे, हे पाहतो. जुन्या दगडाच्या भोवतीची माती घट्ट बसलेली असते. नांगराने उपटून कोणी पुन्हा रोवलेला दगड भुसभुशीत, वेगवेगळ्या थरांचे रंग मिसळलेल्या मातीत उभा असतो. येथे खुरपीने, हलक्या हाताने, एकेक थर काढावा लागतो. उमेदवारीच्या काळात मी एका कोपऱ्यावर घाईने टिकाव चालवला आणि तळहाताएवढे काळपट, मऊ मातीचे वर्तुळ फोडून टाकले. ती कुजलेल्या लाकडी खुंटीची जागा होती. लाकूड गेले तरी त्याचा डाग राहतो, आणि तो डाग हाच कोपरा असतो. मी तो पुरावा स्वतःच्या हाताने घालवला, आणि वरिष्ठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

दगडाखाली कोळसा, खापरांचे तुकडे किंवा काच सापडली, तर माझा विश्वास एकदम वाढतो. कोळसा कुजत नाही, म्हणून तो मुद्दाम पुरून ठेवण्याची पद्धत फार जुनी आहे. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांनीही हद्दीच्या खुणेखालच्या कोळशाचा उल्लेख केला आहे. दगड हलवणाऱ्याला खालचा कोळसा सहसा माहीत नसतो.

कुंपणावर मात्र मी सहज विश्वास ठेवत नाही. काही कुंपणे खरोखर हद्दीवर असतात, तर काही गुरे अडवायला, खडक टाळून, सोयीच्या जागी घातलेली असतात. एकाच कोपऱ्यावर फूटभर अंतरात तीन-चार लोखंडी सळया सापडणे तर नेहमीचेच आहे: दरवेळी आलेल्या मोजणीदाराला आधीची सळई पटली नाही आणि त्याने आपली नवी ठोकली. अशा वेळी सर्वांत गंजलेली सळई सर्वांत जुनी असेलच असे नाही, कारण गंज मातीच्या ओलाव्यावर अवलंबून असतो; कोणत्या सळईचा उल्लेख कोणत्या कागदात आहे, हे पाहावे लागते. दगड नाही, डाग नाही, साक्षीदार नाही, शेजारच्या नोंदीतही काही नाही, असे झाले तरच दोन्ही बाजूंच्या पक्क्या खुणांमधली वाढ किंवा तूट प्रमाणात वाटून कोपरा नव्याने बसवतात. तो शेवटचा उपाय आहे.

तुमच्या बाबतीत मोजणीदाराला इतकेच विचारा की, दगडाचे वर्णन कोणत्या कागदाशी जुळले, खाली खणून पाहिले का, आणि इतर बाजूंवरही हीच वाढ दिसते का. या तिन्हींची उत्तरे त्याने अहवालात लिहून दिली, तर शेजाऱ्याशी वाद न्यायालयात गेला तरी तुमच्या हाती काहीतरी असेल. तोपर्यंत दगडाला हात लावू नका, सरळ करण्यासाठीसुद्धा नाही.