सामाजिक न्यायाचं काम करायचं आहे, तर समाजशास्त्रात एम.ए. करू की एम.एस.डब्ल्यू.?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. मराठी माध्यमातून झालं, सामाजिक न्यायासाठी काम करायची इच्छा आहे आणि घरचे म्हणतात समाजशास्त्राला नोकरी नाही. मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय आणि आता ऊसतोड कामगारांमध्ये काम करते, म्हणून उत्तर देते.

एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, क्षेत्रकार्य सुरुवातीपासून असतं. वस्तीत जायचं, लोकांचे अर्ज भरायचे, गट बांधायचे, हे सगळं हातात बसतं. एम.ए.ची दोन वर्षं बरीचशी वाचनात जातात. लगेच संस्थेत कामाला लागायचं असेल तर एम.एस.डब्ल्यू. करा, त्यात काही कमीपणा नाही. पण ‘हे असंच का चालत आलंय’ हा प्रश्न सतत छळत असेल, तर एम.ए. करा.

मला त्याचा उपयोग कळला तो लघुप्रबंधाच्या वेळी. बीड जिल्ह्यातल्या एका गावात गेले होते, ऊसतोडीला कामगारांच्या टोळ्या निघायच्या आधी. प्रश्नावलीत ‘व्यवसाय’ असा रकाना होता. एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या, “मी काय करती? घरीच असती. ह्यांच्यासंगं जाती फडावर.” फड म्हणजे तोडणीचं उसाचं शेत. मी ‘गृहिणी’ लिहून मोकळी झाले. त्या पदर सावरायला लागल्या तेव्हा दिसलं, टाळूवर चुंबळ ठेवायच्या जागचे केस पार विरळ झाले होते. उसाच्या मोळ्या वाहून वाहून.

दुसऱ्या दिवशी मुकादमाची, म्हणजे टोळीसाठी मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराची, वही पाहिली. नवऱ्याचं नाव, उचलीचा, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचा, आकडा आणि पुढे ‘एक कोयता’. या धंद्यात कोयता म्हणजे जोडपं. एकटा माणूस अर्धा कोयता. तिच्या मेहनतीवर उचल दिलेली, पण वहीत तिचं नाव नाही. आणि माझ्या कागदावरही ती गृहिणीच! मला त्या रात्री झोप लागली नाही.

परतल्यावर आमच्या मार्गदर्शक बाईंनी प्रश्नच बदलायला लावला. व्यवसाय विचारू नको, फडावर असताना पहाटे उठल्यापासून काय काय करता ते विचार. त्याच बाई मग तासभर बोलत होत्या. स्वयंपाक, पाणी, तोडणी, मोळ्या बांधणं, गाडी भरणं, पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, कारण खाडा झाला, म्हणजे कामाचा दिवस बुडला, की पैसे कापले जातात. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तेव्हा बायका शस्त्रक्रियेला तयार तरी कशा होतात, असं पुष्कळांनी मला विचारलं. डॉक्टरांचा दोष असतोच, पण उचल आणि खाडा समजून घेतल्याशिवाय ते उत्तर पुरं होत नाही.

बाबासाहेबांचा जातीवरचा पहिला महत्त्वाचा निबंध हा कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, ९ मे १९१६ रोजी, एका चर्चासत्रात वाचलेला आहे. वय पंचवीस. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांतून बाईवर ताबा ठेवावा लागतो, अशी त्याची मांडणी. पदव्युत्तर अभ्यास कशासाठी असतो, असं कुणी विचारलं की मी हाच निबंध पुढे करते.

आता भाषेचं. आमच्याकडे उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा होती, पण वाचायचं बहुतेक इंग्रजीत. पहिलं सत्र फार जड गेलं. रोज दोन पानं, शब्द अडला की वहीत, आणि शेवटी त्या पानांचा सार मराठीत लिहायचा. दिवाळीनंतर वाचन सोपं वाटायला लागलं. ‘समाज प्रबोधन पत्रिका’चे जुने अंक ग्रंथालयात मिळाले तर सोडू नका.

नोकरीबद्दल घरच्यांची काळजी खोटी नाही. सेट किंवा नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झाल्यावरही अनेकजण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे. म्हणून फक्त प्राध्यापकीवर डोळा ठेवू नका. संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, स्पर्धा परीक्षा, अशा वाटा माझ्या वर्गमित्रांनी धरल्या. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात; पीएच.डी. करायची असेल तर हा मोठा आधार आहे. शिवाय राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. तुम्ही यांपैकी कुठे बसत असाल तर जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. निकालानंतर रांगा लागतात.