वडिलांची अँजिओप्लास्टी झालीय, आता एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९२ म्हणजे नॉर्मल आलंय, मग कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर चालेल का?

नाही, बंद करू नका. मी डॉक्टर नाही, बावीस वर्षं मेडिकल चालवतोय आणि हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो.

तुम्ही लिहिलंय की ॲटॅकच्या वेळी एलडीएल १४८ होतं, आठ महिन्यांनी ९२ आलं आणि रिपोर्टवर शेजारी '१०० च्या आत' छापलंय. अहो, तो छापील आकडा सरसकट सगळ्यांसाठी असतो, अँजिओप्लास्टीत स्टेंट बसलेल्या माणसासाठी नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये गाइडलाइन काढली त्यात अशा पेशंटचं एलडीएल ५५ च्या खाली हवं असं आहे, युरोपवाले २०१९ पासून तेच सांगतायत, शिवाय मूळ आकडा निदान निम्म्यावर यायला हवा असंही म्हणतात. १४८ चं निम्मं ७४, म्हणजे बाबा दोन्ही हिशोबात मागेच आहेत. आणि ९२ आलंय तेच मुळात गोळीमुळे, ती सोडली की काही आठवड्यांत पुन्हा चढणार.

आता मी रोज बघतो ती गोष्ट सांगतो. स्टेंटनंतर बऱ्याच जणांना एकच कॅप्सूल असते, तिच्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (ही दोन रक्त पातळ ठेवणारी) आणि रोसुव्हास्टॅटिन १० मिग्रॅ (हे स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलचं औषध) असे तिघं एकत्र. घरचे तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. वर्षभराने डॉक्टर म्हणतात आता साधी ॲस्पिरिन पुरे, मग कॅप्सूल जाते आणि तिच्याबरोबर स्टॅटिनही गुपचूप जातं, कोणाच्या लक्षातही येत नाही! तेव्हा स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

दुसरं म्हणजे रोसुव्हास्टॅटिनचा १० हा मध्यम डोस आहे, हाय डोस २० ते ४०. पण नुसता डोस डबल केला तर एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, त्यापेक्षा सोबत इझेटिमाइब १० ही दुसरी गोळी दिली तर साधारण पाचवा हिस्सा कमी होतं, कारण स्टॅटिन लिव्हरमध्ये काम करतं आणि ही आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. तरी नाही जमलं तर बेम्पेडोइक ॲसिडची गोळी आहे, इंजेक्शनं आहेत (महाग आहेत, खोटं कशाला बोलू). हे ठरवणार डॉक्टरच, पण विचारायचं तुम्ही, कारण ओपीडीच्या गर्दीत '९२, छान' म्हणून कागद पुढे सरकतो.

त्याआधी घरातल्या स्ट्रिपा मोजा. महिन्याला दहा गोळ्यांच्या तीन लागतात, माझ्याकडे कित्येक जण तीन नेतात आणि दीड महिन्याने उगवतात, मग डोस वाढवून काय उपयोग? पाय दुखतात म्हणून बाबा मधेच सोडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, औषध किंवा डोस बदलता येतो.

जाताना १४८ चा जुना रिपोर्टही न्या. औषध बदललं की चार ते सहा आठवड्यांनी लिपिड (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) परत करा, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) फार वाढलेले नसतील तर उपाशीपोटीच जायला हवं असंही नाही.