लिनक्सवर येताय? विंडोज लगेच पुसू नका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लिनक्सचा विचार करताय, हे चांगलंच आहे. पण आधी फोटो, कागदपत्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर काढा आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडूनही बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. कॉपी अर्धवट झाली होती, दोन वर्षांचे फोटो गेले. अजून मनाला लागतं ते.

सुरुवातीला लिनक्स मिंट घ्या, सिनामन आवृत्ती. खाली डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ, सवयीचं वाटेल. दहा डिस्ट्रोंची (म्हणजे मिंटसारख्या लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांची) तुलना करत बसू नका. मिंट टाकलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की काहीही इन्स्टॉल न करता सगळं वापरून बघता येतं (थोडं हळू चालेल, ते पेनड्राइव्हमुळे). तिथेच वायफाय, आवाज, कॅमेरा तपासा. झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागा होतो का, हे तर नक्कीच.

दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर बहुधा काही लिहिता येत नाही. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

फोटोशॉपवर पोट असेल तर विंडोज राहू द्याच, ते लिनक्सवर थेट चालत नाही. बाकी सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या, आणि 'सुडो'ने (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) सुरू होणारी कमांड काय करते ते समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नका.