साडेतीन हजारांत सर्टिफिकेट देतो म्हणतात. गोव्यात सिक्युरिटी गार्डला खरंच काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की वय २३, शिक्षण दहावी, उंची पाच फूट चार इंच, डोळ्यांना चष्मा, राहणं वाळपईला. वेर्णाच्या एका कारखान्यात गार्डची जागा आहे असं सांगणाऱ्या माणसाने साडेतीन हजार मागितलेत. ‘ट्रेनिंगची गरज नाही, सर्टिफिकेट आम्ही बनवतो, सोमवारपासून ड्युटी धरा,’ असं त्याचं म्हणणं. सर्टिफिकेट खरंच लागतं का आणि पैसे द्यावेत का, हे तुम्हाला हवंय.

सर्टिफिकेट लागतं. आणि हे पैसे देऊ नका.

मी डिचोलीचा. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या तेव्हा मी खाणीच्या ट्रकवर होतो. चवथ (गणेश चतुर्थी) आठ-नऊ दिवसांवर आलेली, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामानही आणायचं होतं आणि हातात काम नाही. त्या वर्षी आमच्याकडची कितीतरी पोरं जी मिळेल ती नोकरी धरत होती, तसाच मीही एका एजन्सीत गेलो. त्यांनी फोटो घेतले, दोन-तीन कागदांवर सह्या घेतल्या आणि त्याच दिवशी युनिफॉर्मबरोबर प्रशिक्षण पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट हातात दिलं. पैसे पगारातून कापले. मला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट प्रशिक्षणाचे वीस दिवस वाचले म्हणून बरं वाटलं.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात माझी नाईट होती. पाऊस लागलेला. पहाटे पॅनल रूममधून धूर यायला लागला आणि आत ठिणग्या दिसल्या. मी नळाखालची भरलेली बादली उचलली आणि धावलो. दारातच माझ्याबरोबरच्या गार्डने माझा दंड पकडला. सावंतवाडीकडचे, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते ते. ‘पोरा, विजेवर पाणी ओतलंस तर आगीच्या आधी तू जाशील!’ त्यांनी आधी मेन स्विच बंद करायला लावला, मग कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणून पिन ओढली, नळी ज्वाळेच्या बुडाकडे धरली आणि अर्ध्या मिनिटात सगळं शांत झालं. माझे हात तासभर थरथरत होते. माझ्या सर्टिफिकेटवर ‘अग्निशमन’ हा विषय मी पूर्ण केल्याचं छापलेलं होतं.

आज मी सुपरवायझर आहे, नवीन पोरांना पोस्टवर उभं करण्याआधी मीच त्यांना तपासतो. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

कायदा आहे खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५. तो २००६ च्या मार्चपासून लागू आहे. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (PSARA) आमच्या धंद्यात सगळे त्याला ‘पसारा’ म्हणतात. लायसन्स एजन्सीने घ्यायचं असतं, तुम्ही नव्हे. राज्याच्या गृहखात्यातला नियंत्रक अधिकारी ते देतो आणि ते पाच वर्षांसाठी असतं. गार्डसाठी कायद्याची अट अशी : वय १८ पूर्ण आणि ६५ च्या आत, चारित्र्य आणि पूर्वेतिहासाची पडताळणी झालेली, शारीरिक निकषांत बसणारा आणि ठरवून दिलेलं प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलेला. कोर्टात दोषी ठरलेला किंवा गैरवर्तनासाठी सैन्यातून, पोलिसांतून काढून टाकलेला माणूस चालत नाही. माजी सैनिक, माजी पोलीस आणि होमगार्ड यांना एजन्सीने प्राधान्य द्यावं असंही म्हटलंय. (सोसायटीने थेट स्वतःच ठेवलेला वॉचमन या कायद्यात येत नाही. तुम्हाला नेणारी एजन्सी असेल तर येते.)

शिक्षणाची अट कायद्यात कुठेही नाही, त्यामुळे दहावीची काळजी सोडा. आठवी, दहावी, बारावी हे जे मागतात ते कंपन्यांचं आपापलं असतं. नियमांना हवंय ते एवढंच की ओळखपत्र, पासपोर्ट, शस्त्र परवाना अशा कागदांवरची इंग्रजी अक्षरं आणि आकडे तुम्हाला वाचता आणि समजता आले पाहिजेत. गेटवर गाडीचा नंबर चुकीचा लिहिला गेला की पुढे सगळंच चुकतं, म्हणून मी हे पहिल्याच दिवशी तपासतो.

शरीराचं मोजमाप केंद्राच्या नमुना नियमांत आहे. पुरुषांना उंची १६० सेंटीमीटर, महिलांना १५०. तुमची पाच फूट चार म्हणजे १६२ च्या वर, तुम्ही बसता. छाती ८० सेंटीमीटर आणि फुगवल्यावर चार सेंटीमीटर जास्त. महिलांना छातीची अट नाही. लांबचं ६/६ दिसलं पाहिजे, चष्मा लावून दिसलं तरी चालतं. रंगांधळेपणा मात्र नको, कारण स्कॅनर आणि अलार्मचे दिवे रंगावरून ओळखायचे असतात. ऐकू नीट यायला हवं, सपाट तळवे आणि एकमेकांना घासणारे गुडघे नसावेत. आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आलं पाहिजे. पोरं या शेवटच्या अटीकडे हसून बघतात आणि मैदानात चौथ्या मिनिटाला कंबर धरून उभी राहतात. दर बारा महिन्यांनी पुन्हा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, ती एजन्सीने करून घ्यायची.

आता तुमच्या माणसाला ‘गरज नाही’ वाटतं त्या प्रशिक्षणाविषयी. किमान १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष मैदानावर, तेही कमीत कमी २० कामाच्या दिवसांत पसरलेले. म्हणजे रोजचे आठ तास. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना यात सवलत आहे : ४० तास वर्ग, १६ तास मैदान, किमान सात दिवस. त्यांनाही शून्य नाही हे लक्षात घ्या. वीस वर्षं बंदूक वागवलेल्या माणसाला जर सात दिवस बसवतात, तर तुम्हाला एका दुपारी सर्टिफिकेट कसं मिळेल?

विषय बरेच आहेत : लोकांशी वागणं, इमारतीची आणि मालाची राखण, आग, गर्दी, प्रथमोपचार, संशयास्पद बॉम्बसदृश वस्तू ओळखणं, मेटल डिटेक्टर आणि अलार्म हाताळणं, पोलीस आणि सैन्यातले हुद्दे ओळखणं. यातल्या दोन विषयांवर जास्त बोलतो, कारण गार्ड अडकतात ते तिथे.

पहिला विषय कायद्याचा. गणवेश चढवला की पोलिसांसारखे अधिकार मिळाले असं नव्या पोरांना वाटतं. तसं अजिबात नसतं. तुमचे अधिकार कुठल्याही साध्या नागरिकाएवढेच. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४० प्रमाणे कुणी तुमच्यासमोर दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र गुन्हा करत असेल, तर तुम्ही त्याला पकडू शकता. पण विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. ‘समोर’ हा शब्द महत्त्वाचा. काल रात्री तांब्याची वायर चोरीला गेली आणि आज एका कंत्राटी कामगारावर संशय आहे, म्हणून त्याला केबिनमध्ये कोंडून दोन थोबाडीत मारल्या, तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. मॅनेजर ‘जरा दम द्या त्याला’ म्हणालेला असतो, पण तो नंतर तुमच्या बाजूने पोलीस स्टेशनवर येत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे; हल्ला थांबवायला लागेल तेवढंच बळ, हल्ला थांबल्यावर एकही फटका नाही. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. लेडी गार्ड नसेल तर झडती नाही, मग गेटवर कितीही गर्दी खोळंबू दे. एफआयआर कशी नोंदवतात हेही या वर्गांत शिकवतात. सर्टिफिकेट विकणारा माणूस तुम्हाला यातलं काहीच सांगणार नाही. ज्या केंद्रात आजही फक्त जुन्या आयपीसीची (भारतीय दंड संहितेची, जिच्या जागी आता न्याय संहिता आलीय) कलमं पाठ करून घेतात, तिथेही जरा जपून.

दुसरा विषय आग आणि गर्दी. २०२५ च्या डिसेंबरात हडफडे इथल्या नाईटक्लबच्या आगीत २५ माणसं गेली, त्यांत बहुतेक तिथे काम करणारीच होती. त्याच वर्षी मे महिन्यात शिरगावला श्री लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक गेले. शिरगाव माझ्या तालुक्यातलं, आमच्या वाड्यावरचे धोंड (देवीचे व्रत धरलेले भक्त) त्या रात्री तिथे होते. या दोन्हींना कारणं अनेक, ती एका गार्डवर ढकलण्यासारखी नाहीत. पण बाहेर पडायचं दार कुठे आहे, ते कुलूपबंद तर नाही ना, त्याच्यासमोर खोके रचलेत का, लोकांना कुठल्या बाजूने काढायचं, हे पोस्टवर उभ्या माणसाला झोपेतसुद्धा माहीत असावं लागतं. मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्या राऊंडला सगळे एक्झिट हाताने उघडून बघायला लावतो. सिलिंडरवरचा काटा हिरव्यात आहे का, पिन जागेवर आहे का तेही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, तो वजनावर तपासतात. हेही पुष्कळांना माहीत नसतं.

पोस्टवर उभं राहताना एजन्सीने दिलेलं फोटो ओळखपत्र कमरेच्या वर, बाहेरच्या कपड्यावर दिसेल असं लावायचं. नोकरी सोडली की ते परत करायचं. शिट्टी, दंडावर एजन्सीचा बिल्ला, लेसचे बूट, टोपी हेही नियमांत आहे, आणि वही-पेनसुद्धा. सैन्याच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश चालत नाही. तो घातला तर गार्ड आणि एजन्सीचा मालक दोघांनाही वर्षभरापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठिपक्याठिपक्यांची लष्करी पँट कुणी हातात दिली तर घालू नका. आणि साईटवरची माहिती बाहेर फोडायची नाही, ही कायद्यानेच घातलेली बंदी आहे. सीसीटीव्हीचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन मित्रांच्या ग्रुपवर टाकणं यातच आलं.

तुमच्या माणसाबद्दल म्हणाल, तर त्याच्या ऑफिसात जा आणि भिंत बघा. लायसन्स दिसेल अशा जागी लावणं एजन्सीला बंधनकारक आहे. मुदत संपलीय का ते वाचा. भिंतीवर काही नसेल तर तिथूनच परत या. विनालायसन्स एजन्सी चालवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. लायसन्स असेल तर सरळ विचारा : वर्ग कुठे, किती दिवस, शिकवणार कोण? गार्डला प्रशिक्षण मिळेल हे बघायची जबाबदारी कायद्याने एजन्सीवर टाकलीय. ती पाळली नाही तर २५ हजारांपर्यंत दंड आणि लायसन्स निलंबित किंवा रद्दही होऊ शकतं. प्रशिक्षण केंद्राची खरी फी पावतीसह भरणं वेगळं, त्यात काही वावगं नाही. कागदाची किंमत म्हणून साडेतीन हजार देणं वेगळं. शिवाय असा कागद एखाद्या घटनेनंतर चौकशीत बाहेर आला, तर त्याच्यावर सही तुमची असते.

दुसरे रस्ते आहेत. गोवा मनुष्यबळ विकास महामंडळ हे राज्य सरकारचं महामंडळ सुरक्षा रक्षक घेतं, प्रशिक्षण देतं आणि सरकारी खात्यांत, कार्यालयांत नेमतं. त्यांची जाहिरात पेपरात येते ती बघत राहा. गोव्यात सरकारी कामाला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो आणि रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड मागतात, दोन्ही आताच काढून ठेवा, ऐनवेळी मामलेदार कचेरीत रांग असते. केंद्राच्या कौशल्य योजनेत ‘अनआर्म्ड सिक्युरिटी गार्ड’ हा मान्यताप्राप्त कोर्स आहे. जवळपास त्याचा वर्ग सुरू असेल तर तो करा, ते सर्टिफिकेट कुठल्याही एजन्सीत दाखवता येतं. मोपा किंवा दाबोळीच्या विमानतळावर जायची इच्छा असेल तर नागरी विमान सुरक्षा ब्युरोचं प्रशिक्षण आणि पास हे वेगळं प्रकरण आहे, त्याचा विचार वर्ष-दीड वर्षाच्या अनुभवानंतर करा. गनमनचा पगार जास्त असतो हे खरं, पण त्याला शस्त्र परवाना लागतो.

पोलीस पडताळणीला घाबरू नका. नाव, पत्ते आणि आधी कुठे काम केलं ते खरं लिहा. भाड्याने राहिलेली जागा लपवू नका, तिथेच अर्ज अडकतो.

आणि चष्म्याचा नंबर जुना असेल तर मेडिकलला जायच्या आधी वाळपईच्या सरकारी इस्पितळात डोळे तपासून घ्या. धावायची सवय उद्या सकाळपासूनच लावा, बूट घालून.